‘गेस्ट’ लिहिलेला टॉवेल

अल्बनी, ऑकलंड

वनिताताई, तुला वाकून नमस्कार.

लग्नातल्या भांड्यांवर नवऱ्यांची नावं घातली आणि ती आपण दोघींनी जन्मभर घासली. त्याबद्दल आपण कधी ब्र काढला नाही. आता मी बोलणार आहे.

काळजी करू नकोस, तब्येत उत्तम आहे. थंडी फार, पण सुमेधने माझ्या खोलीत हीटर लावलाय. तुझा गुडघा कसा आहे?

इथे टॉवेलांची अदलाबदल होते म्हणून ऋचाने परवा त्यांवर लेबलं लावली: सुमेध, ऋचा, नील. माझ्या टॉवेलवर ‘गेस्ट’.

मी विचारलं, तर म्हणाली, “अहो आई, पाहुणे आले की तोच देतो ना आपण!”

“आजी, इट्स जस्ट अ टॉवेल,” नातू म्हणाला. सुमेध खाली मान घालून जेवत राहिला.

आणि हाच सुमेध मला सांगतोय, पुण्याचा फ्लॅट विक आणि कायमची इथे राहा! जिथे टॉवेलवरही माझं नाव नाही, तिथे राहण्यासाठी मी माझ्या नावाचं घर विकणार नाही.

मुखत्यारपत्र तुझ्याकडे आहे, म्हणून विक्रीचे कागद तुझ्याकडेच येतील. तो फोनवर गोड बोलेल. ताई, सही करू नकोस.

तुझी,
प्रमोदिनी