स्टोअरमधला जुना सर्व्हर

१४ नोव्हेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिने चढणं सोडत नाही. तुझ्या नव्या नोकरीचं मावशीकडून कळलं. फार बरं वाटलं.

कॉलेजात गेल्या मंगळवारी वीज गेली. ती आल्यावर दोन नंबरच्या लॅबमधली निम्मी मशीन नेटवर्कवर येईनात. हो, तीच लॅब. तुझ्या जागी आलेली इंजिनिअर लॅपटॉप घेऊन वायरमागे वायर शोधत जिन्याखालच्या स्टोअरपर्यंत पोचली. तिथे नकाशांच्या कपाटामागे जुना सर्व्हर सापडला. धुळीने माखलेला, पण चालू. वीज आली की नव्या सर्व्हरच्या आधी हा जागा होतो आणि मशीनना नेटवर्कचे जुनेच पत्ते वाटत सुटतो. ती मशीन मग कधीच बंद झालेल्या रस्त्याने बाहेर जायला बघतात आणि अडकतात.

तीन वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवशी हेच झालं होतं. बावीस मुलांचे पेपर गेले, चौकशीची बैठक बसली. तू म्हणालीस, "दादा, मशीनना कुठूनतरी जुना पत्ता मिळतोय." आणि मी सगळ्यांसमोर हसून म्हणालो, "हिला सगळीकडे भुतं दिसतात." सगळे हसले. तू खाली मान घालून कागद गोळा केलेस. ठपका तुझ्यावर आला, फाइलमध्ये तसा शेराही पडला, आणि महिनाअखेरीस राजीनामा देऊन तू घरही सोडलंस.

तो सर्व्हर बंद करायचं काम माझं होतं. 'बंद केला' अशी रजिस्टरमध्ये माझी सही आहे. मी स्टोअरपर्यंत गेलोच नव्हतो.

इथवर लिहून थांबलो होतो. वाटलं, एवढं कबूल केलं की पुरे. पण पुरे नाही. मला हे मंगळवारी कळलं नाही, बारके. तू गेल्यावर आठच दिवसांत कळलं होतं. स्टोअरची किल्ली घ्यायची तर क्लार्ककडे कारण लिहावं लागलं असतं, मग सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी जागेवर बसून नेटवर्कच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरी जुळतात त्या डब्यात, हुकमाची एक ओळ टाकली आणि त्या सर्व्हरचं तोंड बंद केलं. तुला एक फोन करायला हवा होता. मी चहा प्यायला गेलो.

यंदा स्विच बदलले. माझी ओळ जुन्या स्विचबरोबर गेली. सर्व्हर पुन्हा बोलायला लागला.

विभागप्रमुखांनी त्या इंजिनिअरला केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो. "नवे स्विच तुम्हीच बसवलेत ना? काय घोळ घातलात?" ती म्हणाली, "सर, जुना सर्व्हर..." आणि माझ्याकडे बघितलं. मी दुजोरा देईन अशी तिची खात्री होती. तूही तसंच बघितलं होतंस.

मी म्हणालो, "सर, घोळ माझा आहे. तीन वर्षांपूर्वीचाही माझाच."

लेखी दिलंय. प्रत सोबत जोडली आहे. मला नेटवर्कवरून काढून साहित्याच्या नोंदींवर बसवलंय. तुझ्या फाइलमधला शेरा काढून तसं पत्र तुला पाठवणार आहेत. नाही आलं तर मी पुन्हा त्यांच्या दारात उभा राहीन.

आईला काल सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. शेवटी म्हणाली, "मला वाटायचं, पोरगी आपल्याला कंटाळून गेली." आत जाता जाता म्हणाली, "तिला फोन तू लाव. मी लावणार नाही."

दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू लगेच "जाऊ दे रे दादा" म्हणाली असतीस आणि मी फुकटात सुटलो असतो. म्हणून पत्र. याला उत्तर द्यायची घाई करू नकोस. आईला मात्र फोन कर. तिचा यात काही दोष नाही.

भर बैठकीत तुला एकटं पाडणारा,
तुझा दादा