पिळलेल्या धाग्याचं स्पॅनिश पत्र

१० जानेवारी १९२७, सकाळ
आजपासून स्पॅनिश. कलाबतूवाले चुडामणशेठ स्पेनमधल्या एका कारखान्याला आपला धागा विकू बघतायत. रेशमावर सोनेरी तार पिळून केलेला. तिकडे तो पाद्र्यांच्या झग्यांवर लावतात म्हणे. शेठ म्हणाले, दिगंबर मास्तर, इंग्रजी शिकवता, मग स्पॅनिशही येत असेलच. मी नाही म्हणालो नाही. ऑर्डर आली की परदेशी पत्रव्यवहाराचा मुनीम मीच, असा शब्द त्यांनी दिलाय. मुंबईहून शब्दकोश मागवला.

२१ जानेवारी
कोश आला. इंग्रजी मजकूर आठ ओळींचा. उद्या संध्याकाळपर्यंत हातावेगळा.

२२ जानेवारी, दुपार
सात ओळी झाल्या. ‘ट्विस्टेड’पाशी अडलो. कोशात तीन रूपं: टॉरसिडो, रिटॉरसिडो, टुअर्टो. तिन्ही म्हणजे पिळलेला. या लोकांचं एका शब्दात का भागत नाही कोण जाणे.

२६ जानेवारी
टुअर्टो बाद. कोशाच्या दुसऱ्या भागात त्याचा अर्थ काणा दिलाय. काणा धागा पाद्र्याला कसा पाठवू? रिटॉरसिडो म्हणजे फारच पिळलेला, शिवाय वाकड्या मनाचा. धाग्याला पीळ किती, ते विचारायला कोश काखेत मारून कारखान्यात गेलो. धागा गुंडाळणाऱ्या सरुबाईने तो हातातच दिला. म्हणे, मास्तर, बोटानं पाहा ना. अडाणी बाई. हा व्याकरणाचा प्रश्न आहे.

२ फेब्रुवारी
शाळेचा राजीनामा दिला. हेडमास्तर विनायकराव म्हणाले, विचार करा. म्हटलं, केला. घरी बायकोला, विमलला, सांगितलं. वरण वाढताना तिने पळी आपटली, तेवढंच.

९ फेब्रुवारी
टॉरसिडो. नक्की.

१० फेब्रुवारी
रिटॉरसिडो.

१४ फेब्रुवारी
जाड विलायती कागदावर पत्र उतरवलं. त्या शब्दाची जागा तेवढी कोरी ठेवली. अक्षर असं की बघत राहावं. शेठना दाखवायला नेलं, तर ते पूजेला बसलेले. पत्र सरुबाईच्या चौरंगावर ठेवलं आणि कोश शेवटचा एकदा बघायला घरी आलो.

१५ फेब्रुवारी
चौरंगावर पत्र नाही. मुहूर्त टळू नये म्हणून शेठनी नमुन्याचं पार्सल सकाळीच टपालात टाकलं. पत्रही गेलं असणार. विचारलं नाही, उगाच अविश्वास दिसतो.

२० मार्च
विमल म्हणाली, एकदा हेडमास्तरांना भेटून या, जागा अजून रिकामी आहे. हसलो. मुनीमाचा काळा कोट शिवायला टाकला.

२८ एप्रिल
ऑर्डर आली! पत्र इंग्रजीत. शेठनी सगळ्यांसमोर मलाच वाचायला लावलं. लिहिलं होतं, धागा हातात घेताच पसंत पडला. पार्सलात पत्र नव्हतं हेही आवडलं, बाकीचे व्यापारी चार-चार पानं लिहून डोकं खातात.

मग माझं पत्र गेलं कुठे? सरुबाईला गाठलं. म्हणे, नमुना आम्ही नेहमीच जाड कागदाच्या घडीवर गुंडाळतो मास्तर, तो चौरंगावरचा कागद एकदम बढिया व्हता.

म्हणजे पत्र पोचलंय. धाग्याच्या आत आहे. धागा संपला की वाचतील, आणि हा माणूस कोण म्हणून विचारतील. दुपारभर या विचाराने बरं वाटलं. चहा घेताना आठवलं, त्या शब्दाची जागा कोरीच राहिलीय.

२९ एप्रिल
शाळेतली जागा परवाच भरली. शेठ म्हणाले, मास्तर, आता पत्रं बंद, नुसते नमुने पाठवू. तुम्ही सरुबाईला घड्यांसाठी कागद कापून देत जा. बसलो. काळा कोट गुडघ्यावर येतो, काढून ठेवला.

सकाळीच जाड कागद संपला. सरुबाई म्हणाली, तुमच्या त्या पोथीचा पुठ्ठा चांगला जाड आहे. दुपारी घरून कोश आणून दिला.