माणसं : शून्य

४ नोव्हेंबर, मंगळवार

आलो एकदाचे भिलाईला! गोंदियाहून गाडी सुटल्यावर नूतननं मला विचारलं, घराला कुलूप नीट लावलंस ना, आणि मग स्वतःच खदखदून हसली. एरवी हा प्रश्न माझा असतो. मी संशयी आहे, हे मान्य. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दुकानात बघते आणि घरी आल्यावर परत बघते. पण आई गेल्यापासून या धाकट्या बहिणीला मीच वाढवलंय, आणि डोळे मिटून कोणी कोणाला वाढवत नाही.

चरोद्याच्या धोंडबामामांनी खोली आधीच बघून ठेवली होती. रुआबांध्यात, वसुंधराबाईंच्या घराच्या मागची. खिडकी ऐसपैस, उजेड भरपूर. वाळत घातलेल्या कपड्यांवर स्टील प्लांटची तांबूस धूळ बसते, म्हणजे नूतनच्या नर्सिंगच्या पांढऱ्या युनिफॉर्मचं काही खरं नाही. तिचं कॉलेज दुर्गला.

आणि मला तर खोलीबरोबर नोकरीही मिळाली. वसुंधराबाईंचा भाचा धर्मेंद्र फोटो आणि व्हिडिओ काढतो, बाई ते एका साइटवर विकायला ठेवतात. मी प्रत्येक फोटोला शब्द द्यायचे. कोणाला संत्र्याचा फोटो हवा असेल तर तो 'संत्रं' लिहून शोधणार, तेव्हा तो शब्द फोटोला चिकटलेला हवा. एवढंच काम.

बाईंचे यजमान भैय्याजी व्हरांड्यात बसलेले असतात. प्लांटमधून निवृत्त झालेले. हातात चहाचा कप, मांडीवर वर्तमानपत्र. नमस्कार केला तर छान हसले. माणसं चांगली मिळाली.

८ नोव्हेंबर

वाटलं तेवढं सोपं नाही बरं का. एका फोटोला पन्नास शब्दांपर्यंत देता येतात, आणि सोललेल्या संत्र्याला एवढे शब्द सुचवताना नाकी नऊ येतात. मी 'आईची आठवण' असं लिहिलं तर बाईंनी खोडलं. पोरी, जेवढं दिसते तेवढंच लिवजो, म्हणाल्या. आणि सगळ्यात आधी माणसं मोजजो. खरंच, पहिला रकाना तोच आहे: फोटोत माणसं किती. ज्यांना मोकळा रस्ता, मोकळी खोली हवी असते ते शून्य मागतात.

मला एक युक्ती सापडलीय. धर्मेंद्र एकाच जागेचे ढीगभर फोटो काढतो. पहिला फोटो उघडायचा, शब्द लिहायचे, अख्खी मालिका निवडायची आणि सगळ्यांना तेच चिकटवायचे. तास-तास वाचतात. काल एका बकरीला 'आजी' चिकटलं, तेवढं सोडलं तर मस्त चाललंय.

कोपऱ्यावर केवलराम उकडलेले शिंगाडे विकतो. मला नोनी म्हणतो, म्हणजे पोरी. मी तराजूच्या काट्याकडे टक लावून बघते म्हणून चिडत नाही, उलट मूठभर जास्त टाकतो. आज धर्मेंद्र त्याचे फोटो काढत होता तर गडी केस विंचरून उभा राहिला.

१३ नोव्हेंबर

केवलराम दिसत नाही. हातगाडी आहे, टोपली आहे, तो नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं तर म्हणे कौन केवलराम, ये ठेला तो ऐसेच पड़ा रहता है. थट्टा करतोय असं वाटलं. घरी नूतनला विचारलं. तिनं त्याचे शिंगाडे रोज खाल्लेत, सालं माझ्या उशीवर टाकलीत. ती म्हणाली, कोण गं?

तिचा चेहरा मी नीट बघितला. खोटं बोलताना तिचा डावा कान लाल होतो. तो लाल नव्हता.

१४ नोव्हेंबर

त्या हातगाडीच्या मालिकेला शब्द मीच दिले होते. आज ती परत उघडली. साइटनं ती मंजूर केलीय, विक्रीला लागलीय. एकाही फोटोत केवलराम नाही. एका फोटोत तराजू हवेत आहे. वर धरणारा हात नाही.

धर्मेंद्रवर माझा आधीपासून संशय आहे. कॉम्प्युटरवर माणसं पुसणं त्याच्या हातचा मळ. पण माणूस पुसला तर तराजू कशाला ठेवेल? फोन केला. म्हणाला, दीदी, मी नेहमी पहिला फोटो रिकामाच काढतो, लाइट बघायला, मग माणसाला बोलावतो. यावेळी बोलवायचं राहिलं असेल.

पहिला फोटो रिकामा असतो. आणि मी उघडते तो फक्त पहिला. त्यावरून शून्य लिहून मी सगळ्या मालिकेला चिकटवलं. चूक झाली खरी, पण माझ्या चुकीनं फोटोतला माणूस कसा जाईल? काहीतरी लपवताहेत हे लोक.

१७ नोव्हेंबर

आज दिवसभर व्हरांड्यावर नजर ठेवली. भैय्याजींच्या चहातून सकाळी वाफ येत होती. दुपारी ऊन डोक्यावर आलं तरी येत होती. वर्तमानपत्राचं पान उलटत नाही. मी अगदी जवळ गेले, नाव विचारलं, हसले. गावाचं नाव विचारलं, तेच हसणं. कप हातातून काढून घ्यायला गेले तर सुटेना. बोटं गरम नव्हती, गार नव्हती.

बाईंना धरलंच मी. त्या पदरानं डोळे पुसत बोलल्या. त्यांनीही माझ्यासारखंच एकदा पहिला फोटो बघून शून्य चिकटवलं होतं. साइटनं मंजूर केलं आणि व्हरांडा रिकामा झाला. सख्खा मुलगासुद्धा म्हणाला, कोण बाबा? ज्यानं शब्द लिहिले त्यालाच तेवढं आठवतं. मग त्यांनी त्याच फोटोला नवे शब्द लिहिले. निवृत्त, समाधानी, चहा, वर्तमानपत्र, हसरा. आणलं मी त्यायले वापस, म्हणाल्या, पण जेवढं लिवलं तेवढेच आले. मी ओरडले, मग मला आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगतलं असतं तर तू राह्यली असतीस काय? माह्यानं आता तो रकाना भरवत नाही.

धावत खोलीत आले. माझ्या सगळ्या मालिका उघडून एकेक फोटो बघितला. रस्ता. तलाव. विटा. मग 'खिडकी, सकाळ, अभ्यासाची खोली', माणसं शून्य. पहिला फोटो रिकामा, इतक्या जवळून काढलेला की खिडकी आमची हे कळलंच नव्हतं. दुसऱ्यात आमची खिडकी, आणि खिडकीशी पुस्तक घेऊन नूतन.

मला न सांगता तिनं धर्मेंद्रकडून काढून घेतले. माझ्या वाढदिवसाला फोटो देणार होती म्हणे.

मालिका तपासणीत आहे. तपासणीत असताना एक अक्षर बदलता येत नाही.

१८ नोव्हेंबर

तिला कॉलेजला जाऊ दिलं नाही. हात धरून बसलेय, डाव्या हातानं लिहितेय. ती आधी हसली, मग चिडली, ताई तुझं डोकं फिरलंय म्हणाली. फिरू दे. साइटला तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. बाईंनाही मालिका मागे घेऊन बघायला लावलं. बाई म्हणतात, काहीच होत नाही पोरी.

भूक लागली म्हणते. वरणाला फोडणी तरी दे म्हणते. एकाच हातानं कशी देऊ?

दुपारी

फोडणी जळायला लागली म्हणून हात सोडला. गॅस बंद करण्यापुरता.

१९ नोव्हेंबर

युनिफॉर्म दोरीवर आहे. मला होत नाही तो, खांद्यात घट्ट बसतो. तरी धोंडबामामा फोनवर म्हणतात, तू तर एकटीच आली होतीस ना पोरी, मीच तर उतरवून घेतलं स्टेशनवर.

ताई म्हणणारं जगात कोणी नाही.

२० नोव्हेंबर

लिहिणार आहे. मालिका मंजूर झालीय, आता बदलता येते; शून्याचं एक केलं. मी बाईंपेक्षा बरं लिहीन. बाई भैय्याजींना ओळखत त्याहून मी तिला जास्त ओळखते.

भांडखोर – साइटनं नाकारला. फोटोत दिसत नाही. पोह्यातली कोथिंबीर वेचून बाजूला काढणारी – नाकारला. कान लाल होणारी – नाकारला. धाकटी, लाडकी, आईविना – नाही, नाही, नाही. तरुणी घेतला. वेणी घेतला. पुस्तक. हसरी. मऊ उजेड. शांत.

नूतन कधी शांत नव्हती.

'बहीण'सुद्धा लिहून बघितला. तो घेतला! देवा, घेतला. मालिका तपासणीला गेली.

२१ नोव्हेंबर

आली.

खिडकीशी उभी आहे. वेणी तशीच. पुस्तक तसंच. हसते. मी गळ्यात पडले, रडले, तिच्या केसांचा वास घेतला. वास नाही.

आईचं नाव विचारलं. हसली.

वरण-भात पुढे ठेवला. तसाच आहे.

२२ नोव्हेंबर

शब्द पुसून टाकावेत. परत शून्य लिहावं. बोट ठेवलं होतं – तिनं माझ्याकडे बघितलं. हसरी आहे ती. तिला कोण पुसेल? मी नाही. मी तिला –

दुपार. ती खिडकीशी नाही. टेबलाशी आलीय, माझ्या बाजूला. 'चालणारी' मी लिहिलं नव्हतं. कोणी लिहिलं? पासवर्ड बाईंकडेही आहे –

पान उघडलं. माणसांच्या रकान्यात मी एक लिहिलं होतं. तिथे दोन आहे.

खाली नवे शब्द येताहेत. माझ्या डोळ्यांदेखत. दोन बहिणी. टेबल. वही. लिहिणारी स्त्री.

बाईंना हाका मारल्या. व्हरांड्यात त्यांची सावली दिसते. येत नाहीत. त्यांना माणूस हवा होता, कायम इथेच बसून रकाने भरणारा –

आणखी एक शब्द आला. हसऱ्या.

मी हसत नाही. मी रडतेय, गाल ओले आहेत, मी हसत नाही, माझे ओठ –