नव्या कॅसेटमधल्या झांजा

६ नोव्हेंबर २००३, गुरुवार. शिरूर

गणपतीनंतर वहीत एक ओळ नाही. कारणं शोधत बसलो तर आजही लिहून होणार नाही. चुकलो, एवढं मान्य करून सुरुवात.

सुट्टी. सकाळच्या एस.टी.ने दौंडला, इकबालच्या कॅसेटच्या दुकानात. त्याचे रोजे चालू, तरी बापूला आणि मला हट्टाने चहा मागवला. बापू राहू गावाहून मुद्दाम आलेला, शेतात ऊसतोड चालू असताना. निमित्त: ग्रेव्ह पिस्टनची नवी कॅसेट. इतक्या वर्षांनी. आम्ही तिघे सोडले तर या दोन तालुक्यांत या बँडचं नाव कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

दुसरं गाणं संपायच्या आत मी निकाल दिला. विकले गेले. गिटारवर कुणीतरी गोधडी टाकलीय. ड्रमच्या झांजा तर पुसूनच टाकल्यात, रेडिओवर गोड वाजावं म्हणून.

बापू म्हणाला, "आवो दादा, झांजा हायेत की. चांगल्या वाजत्यात."

इकबाल: "सुध्याला कुणाची कॅसेट खपली की तो बाटला असंच वाटतं. हॉस्टेलपासनं असंच हाय."

बापू: "एक खरं हाय. घरी लावली तर मंडळी पयल्यांदाच 'बंद करा' म्हणाली न्हाई. त्यावरनं कमर्शियल म्हणा पायजे तर."

हसलो. माघार घेतली नाही. उलट जास्तच बोललो. थ्रॅश मेटल म्हणजे धार, धार गेली की मग उरलं काय, वगैरे. बापू शेवटी गप्प झाला. तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, माझं ऐकून घेतो. ते बरं नाही वाटलं नंतर.

८ नोव्हें., शनिवार

कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून पुन्हा ऐकली. मत तेच. पण नुसतं मत असून चालत नाही, म्हणून घरी आल्यावर तुलनेसाठी त्यांची जुनी, लाल कव्हरची काढली. जिच्यावर आम्ही जीव टाकला ती.

तीही तशीच. गोधडीखालून.

टेप झिजली असणार. एवढी वर्षं, एवढी पारायणं. टेपचा वरच्या पट्टीचा आवाज आधी मरतो, हे फिजिक्समध्ये शिकलोय. तेवढंच.

तरी चैन नाही.

११ नोव्हें., मंगळवार

पाळी बदलताना दुसऱ्या पाळीचा टेस्टर गायकवाड बूथमध्ये आला. मी नुकताच 'ओके' मारलेला गिअरबॉक्स अजून फिरत होता. तो म्हणाला, "साहेब, ह्याला शीळ हाय का?"

"कुठाय?"

"बारीक हाय. बेअरिंगची असंल."

दोघांनी कान लावला. मला गिअरची घरघर आली, मोटर आली. शीळ नाही. म्हणालो, "हो, किंचित आहे. काढ बाजूला." शिक्का खोडला.

खोटं बोललो. पहिल्यांदाच, कामावर.

बाहेरच्यांना हसू येईल, पण माझं काम एवढंच आहे: ऐकणं. मालवाहू लिफ्टचा एकेक गिअरबॉक्स बूथमध्ये फिरवायचा आणि ऐकायचं. मीटर आहे, पण तो एकूण आवाज सांगतो. बारीक शीळ त्यात हरवते. म्हणून माणूस लागतो. तो माणूस मी.

संध्याकाळी दार लावून मनगटावरचं घड्याळ कानाशी धरलं. डाव्या कानाला कसंबसं. उजव्या…

१३ नोव्हें., गुरुवार. दौंड

बापूही आलेला. इकबालकडे लाल कव्हरच्या कॅसेटची सीडी मिळाली. सीडी झिजत नाही. तीच लावायला सांगितली.

सुरुवातीला, गिटार यायच्या आधी, नुसत्या झांजांचा तुकडा आहे. आम्हाला पाठ आहे. इकबालची बोटं काउंटरवर त्याबरोबर चालत होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याची बोटं बघत बसलो. मग एकदम गिटार आली, भिंतीसारखी.

"व्वा," मी म्हणालो. त्यांच्याबरोबर, त्याच जागी.

यावर कडी म्हणजे बापू. म्हणतो कसा, "दादा, तुमचं बराबर हाय. घरी दोन-चार डाव ऐकली. नवी बोथटच हाय. झांजा मागं ढकलल्यात." पहिल्या दिवशी त्याला त्या स्पष्ट ऐकू आल्या होत्या. माझ्या शब्दाखातर त्याने स्वतःचे कान दुरुस्त केले. इकबालला नवी कॅसेट परतही देऊन टाकली.

सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे.

१५ नोव्हें., शनिवार

संध्याकाळी शैलाबरोबर घोडनदीच्या पुलापर्यंत. बायको रोज फिरायला येते, मी कधीतरी. सहज विचारल्यासारखं केलं, "यंदा रातकिडे कमी झालेत का गं?"

ती थांबलीच. "कमी? कान किटले माझे. एवढे ओरडताहेत."

मी कान दिला. गाड्या ऐकू आल्या. पाणी ऐकू आलं. खाली कुणीतरी म्हशीला हाकत होतं, तेही.

"काय झालं?" म्हणाली.

"काही नाही."

शेवटचे कधी ऐकले होते, हे आठवत नाही. मला धास्ती वाटते ती याची. जाताना काही कळलंच नाही. म्हणजे आणखी काय काय गेलं असेल?

१८ नोव्हें., मंगळवार

खात्री वाटत नाही म्हणून सगळं बाजूला काढतोय. काल निम्मे. आज जवळजवळ सगळेच.

दुपारी आमच्या खात्याचे मोरे साहेब खाली आले. "सुधीरराव, आज सगळाच माल आजारी हाय व्हय? वर डिस्पॅचवाले बोंबलायलेत."

"शंका आहे साहेब."

"तुम्हाला शंका म्हंजी असंलच. तुमच्या कानावर काय बोलणार आम्ही."

गेले. गायकवाडने संध्याकाळी त्यातले बहुतेक ऐकून परत पास केले. माझ्याकडे नुसतं बघितलं.

चांगला माल अडवणं हीसुद्धा लबाडीच. पण आजचं राहू दे. मला आधीच्या महिन्यांची भीती वाटते. तेव्हा शंका येत नव्हती. बिनधास्त शिक्के मारले. ते कुठे कुठे बसले असतील आता.

२० नोव्हें., गुरुवार. दौंड

कानाच्या डॉक्टरांकडे. शिरूरला कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं. इकबालच्या दुकानावरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने गेलो, चोरासारखा.

काचेची केबिन, हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. थोडा वेळ ठीक. मग लांबच लांब शांतता. तपासणारी मुलगी काचेपलीकडे काहीतरी फिरवत होती, म्हणजे आवाज चालू असणार. दाबलं. मन खाऊ लागलं. ऐकून दाबलं की भीतीने, मला खरंच सांगता येत नाही. बाहेर येऊन तिला तसं सांगितलं. तिने तपासणी परत घेतली. यावेळी डोळे मिटून.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ सपाट जाते आणि मग कडा तुटावा तशी खाली. वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, परत येणार नाहीत, उरलेले सांभाळा.

"कशाने?"

"आवाजाने. कारखाना असेल, हेडफोन असेल. दोन्ही असेल. काम काय करता?"

"क्वालिटीत आहे," म्हणालो.

खोटं नाही. खरंही नाही.

२४ नोव्हें., सोमवार

बूथ. माल त्याच्या कानाखालून जावा म्हणून गायकवाडच्या पाळीपर्यंत होता होईल तेवढं रेंगाळलो. शैलाला अजून सांगितलेलं नाही. तिने एकदा पाठीमागून हाक मारली असावी. वळलो तर तोंड पाडून उभी होती.

२७ नोव्हें., गुरुवार

काल ईद झाली. आज इकबालच्या घरी शीरखुर्मा. सगळे आतल्या खोलीत गेल्यावर त्याला सांगितलं. एका दमात सांगून टाकलं.

आधी हसला. "म्हंजी कॅसेट चांगली हाय तर."

"ते मला आता कधीच कळणार नाही." खरंच. कदाचित ते विकलेही गेले असतील. ठरवायला मी नालायक.

"आन् बापूला काय सांगू? नवी घ्यायला तयार न्हाई तो. दादा म्हणाले म्हणतो."

"सांग, त्याचं पहिलंच खरं होतं. नको, मीच सांगतो."

त्याने वाटी खाली ठेवली. मग विचारलं, "त्या लिफ्टीत माणसं बसत्यात का?"

"नाही. माल जातो."

"खाली?"

खाली माणसं असतात. माल उतरवणारी. हे मी इतके दिवस वहीतही लिहिलं नव्हतं.

"कंपनीत सांगितलंस?"

"नाही. सांगितलं की बूथ गेला. बूथ गेला की माझं तिथे काय काम?"

मला वाटलं होतं, गप्प बस म्हणेल, सगळेच असं चालवतात म्हणेल. तसं म्हणाला असता तर मी कदाचित ऐकलं असतं. एस.टी. लागेपर्यंत स्टँडवर माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला. कुठला कान बरा आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

घरी आलोय. जे गिअरबॉक्स निघून गेले त्यांचं काय करायचं ते सुचत नाही. जे अजून गोदामात आहेत तेवढे तरी हाताशी आहेत.

उद्या: माझ्या शिक्क्याचा गोदामातला सगळा माल परत बूथवर आणणे. ऐकायचं गायकवाडने, मोरे साहेबांसमोर.