स्क्रीनची वाटणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? दादा मंगळवारपासून तुझ्याकडे मुक्कामाला आहे, तेव्हा तुझ्या डोक्याला ताप किती, हे विचारतच नाही. (त्याला दुसऱ्यांदा गरम केलेला चहा चालत नाही. सांगून ठेवलं.) तो दुकान सोडून का आला, ते त्याने तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. आता माझंही ऐक. फोन तू त्याच्यासमोरच उचलतेस, म्हणून पत्र. ते त्याला वाचून दाखवू नकोस. दाखवलंसच, तर खोकल्यापर्यंतच वाच.

मुळात चूक तुझी आहे. चष्म्याच्या दुकानात दोन भाऊ बसतात हे ठाऊक असून तू एकच कॉम्प्युटर धाडलास. दादाला बिलं करायची, मला काचांच्या ऑर्डरी द्यायच्या. रोज खुर्चीवरून जुंपायची. शेवटी तुझ्याच चिरंजीवांनी फोनवरून उपाय सांगितला, की स्क्रीनचे दोन भाग करा, डावीकडे बिलं, उजवीकडे ऑर्डरी. झालं, वाटणी झाली! दादाने लगेच फूटपट्टीने मोजून काचेवर मधोमध चिकटपट्टी लावली. काही दिवस बरे गेले. मग माझ्या लक्षात आलं, की मी जेवून येईपर्यंत मधली रेघ बोटभर माझ्या हद्दीत आलेली असते. (चिकटपट्टीसकट. हे मुद्दाम लिहितोय.) म्हणे, गिऱ्हाइकांची आडनावं अर्धीच दिसतात. हेही तो मला नाही, शेजारच्या शिंप्याला म्हणाला. मी रेघ परत ढकलायचो, तो परत आणायचा, आणि तोंडाने कोणी अवाक्षर काढत नव्हतं. आपल्या घराची रीत तुला माहीतच आहे.

मंगळवारी एका बाईंना फ्रेमा दाखवायच्या होत्या, म्हणून मी माझा भाग स्क्रीनभर मोठा केला. अगदी कामापुरता. मी बाईंना घेऊन आरशाकडे गेलो आणि दादा बँकेतून आला. बघतो तर त्याची बिलं गायब! ती गेली कुठेच नव्हती, माझ्या फ्रेमांच्या मागे सुखरूप होती. आल्ट आणि टॅब दाबलं की पुढे. पण धाकट्याला विचारेल तो दादा कसला? त्याने मुकाट्याने कोरं पान उघडलं आणि सकाळपासूनची सगळी बिलं पावत्या बघून दोन बोटांनी पुन्हा लिहायला बसला. जेवलासुद्धा नाही. मला वाटलं, आज धंदा जोरात आहे. दुकान बंद करताना मी ती दोन बटणं दाबली, तर सकाळची बिलं जशीच्या तशी पुढे आली. आणि ताई, मला हसू फुटलं. एवढाच काय तो माझा अपराध. दादा म्हणाला, "घे, सगळी स्क्रीन तुलाच घे," आणि चपला घालून निघाला तो थेट तुझ्याकडे.

आता कोण चुकलं ते तूच ठरव. माझं म्हणशील तर मी मजेत आहे. अख्खी स्क्रीन माझी, खुर्ची माझी, भांडायला कोणी नाही.

तुझा
धाकटा

ता. क. मजेत म्हणजे आपलं लिहायची पद्धत. मी अजून उजव्या भागातच काम करतोय. डावीकडे त्याचं मंगळवारचं शेवटचं बिल तसंच उघडं आहे. कॉम्प्युटर बंद केलेला नाही, कारण एकदा बंद केला की त्याची मांडणी मोडेल, आणि ती मला लावता येत नाही. दुकानात करमत नाही गं. त्याला सकाळच्या गाडीत बसवून दे.

ता. क. दोन. रेघेबाबत धाकट्याने काहीही कबूल केलेलं नाही, असं त्याला बजावून सांग. (आडनावं पूर्ण दिसतील इतकी मी सरकवून ठेवली आहे. चिकटपट्टीसकट.)