भट्टीमागचा तक्ता

प्रिय ठकू,

तुझं जाडजूड पाकीट परवा मिळालं. त्यात तू जे पाठवलंस त्याबद्दल मी शेवटी लिहिणार आहे. तोवर आरामात बस, पाठीला उशी घे. सातवा महिना लागलाय तुला, जपून राहायला हवं. मधेच हे पत्र फाडून टाकावंसं वाटेल, तरी शेवटपर्यंत वाच. फोनवर हे सगळं मला बोलता आलं नसतं. तुझा आवाज ऐकला की मी आपोआप गोड बोलायला लागते आणि मग खरं काही तोंडातून निघत नाही. शिवाय तुझी आई कायम दहा पावलांवर असते, कधी पीठ मळत, कधी ट्रे घासत. आज ती पिठाच्या गिरणीवर गेली आहे, म्हणून बसले लिहायला. माझा दादा, तुझा बाप, जाऊन नऊ महिने झाले आणि नऊ महिने तू तिचा फोन उचलत नाहीस. दर रविवारी दुपारी ती तीनदा लावून बघते, मग फोन पालथा ठेवते आणि पुन्हा ट्रे घासायला घेते. आपण आजी होणार हेसुद्धा तिला माझ्याकडून कळलं. ऐकून ती हसली, आणि मग बराच वेळ गोदामात जाऊन बसली.

तुला माझी जुनी आत्या आठवते ना, शहाऐंशी किलोची? आपल्या बेकरीच्या गल्ल्यावरून उठताना खुर्चीच माझ्याबरोबर उठायची आणि तू खिदळायचीस. गुडघे इतके दुखायचे की वरच्या फळीवरचे टोस्ट काढायला मी गिऱ्हाइकालाच सांगायचे. दीड वर्षापूर्वी मी मोबाइलवर बघून बघून तो आहार सुरू केला. पाव, भात, बटाटा, साखर, फळं सगळं बंद. अंडी, मासळी, लोणी, पालेभाज्या, चीज चालू. पहिला आठवडा डोकं भणभणलं, पायांत गोळे आले, पोट साफ होईना, चिडचिड तर विचारूच नकोस. पण नंतर वजन असं उतरायला लागलं की माझे ब्लाउज शिवणारीनं मला आजार झालाय का म्हणून विचारलं. पाच महिन्यांत पंधरा किलो गेले. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली, गुडघे गप्प बसले, दुपारची ती मरगळ गेली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते खोटं नव्हतं. ते सगळं खोटं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. त्यातून फायदा झाला, आणि त्या फायद्यानं माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

मग मी दादाच्या मागे लागले. एकशेचार किलो वजन, सहा वर्षांचा मधुमेह, आणि मैद्याचं पोतं उचललं की लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकायचा. मी वहीच्या पानावर तक्ता करून दिला, काय खायचं, काय नाही, किती वाजता. तो तक्ता त्यानं भट्टीमागच्या भिंतीवर चिकटवला, जिथे गिऱ्हाइकांची नजर जात नाही. तुझा बाप तसा गोडघाशा, पण मनावर घेतलं की घेतलं. अडीच महिन्यांत अकरा किलो उतरला, तुलाही फोनवर कौतुकानं सांगायचा. सकाळची साखर एकशेनव्वदवरून एकशेतीसच्या आसपास आली. एक दिवस तो मला हाक मारून म्हणाला, इकडे ये, बघ, आणि वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधून दाखवली. त्या दिवशी आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. तुझी आई मात्र हसली नाही. तिनं त्याला पाव चाखताना पाहिलं होतं. नवीन घाणा निघाला की तो तुकडा तोडायचा, चावायचा, चव बघायचा आणि कागदात थुंकून टाकायचा. तीस वर्षं ज्याच्यावर घर चाललं तो पाव नवरा थुंकतोय, हे तिच्या डोळ्यांना बघवत नव्हतं.

आता खरी गोष्ट. आपण हे सगळं लपवलं. बेकरीवालाच पाव खात नाही असं बाहेर कळलं तर कोण येणार आपल्या दारात? ही अक्कल माझीच. आणि आपले डॉक्टर म्हणजे आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. रोज सकाळी सात वाजता एक पाव आणि टोस्टचा पुडा, वर दहा मिनिटं गल्ल्याशी उभं राहून अख्ख्या गल्लीशी गप्पा. त्यांना सांगायचं म्हणजे चौकात दवंडी पिटायची, असं मी म्हणाले. म्हणून तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, चालायला लागलात वाटतं, तर दादानं मान डोलावली. डॉक्टर खूश झाले. साखर अजून थोडी खाली आली तर बरं म्हणून त्यांनी एक नवी गोळी दिली, जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी. बजावून सांगितलं की उपास केलात, जेवण सुटलं, उलट्या झाल्या तर ही गोळी लगेच थांबवा आणि मला कळवा. तुझी आई तिथेच होती. घरी येताना ती म्हणाली, अहो वन्सं, यांचं खाणं बदललंय हे सांगायला हवं, उद्या पाव न्यायला आले की मी सांगते. मी तिला माझी शपथ घातली. वर म्हणाले, तुम्हाला काय कळतं त्यातलं? आपल्या घरात मला उलट बोलायची तिची पद्धत नाही, तुला माहीतच आहे. तिनं तोंडाला कुलूप लावलं.

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. सोमवारी दुपारी दादाला उलट्या सुरू झाल्या. पोटात दुखत होतं, तहान भागत नव्हती. वहिनी म्हणाली, गाडी काढायला सांगा, दवाखान्यात नेऊ. मी साखर मोजायचं मशीन काढलं, बोटाला सुई टोचली. एकशेशेहेचाळीस. मी तो आकडा तिच्या नाकासमोर धरला. बघा, साखर उत्तम आहे, उगीच घाबरवू नका माणसाला. त्याच्या तोंडाला नेलपॉलिशसारखा वास येत होता. तो वास मला ओळखीचा होता, माझ्याही तोंडाला पहिले काही आठवडे यायचा. चरबी जळते तेव्हा येतो असं मी वाचलं होतं. ठकू, तो वास घेऊन मला आनंद झाला. मंगळवारी सकाळी तो जोरजोरात श्वास घ्यायला लागला, बसल्या जागी, जिना चढून आल्यासारखा. वहिनीनं पुन्हा दवाखान्याचा विषय काढला. मी पुन्हा मशीन काढलं. एकशेएकसष्ट. मी त्याला मीठ घातलेलं पाणी दिलं, आणि ती गोळीही दिली, वेळ झाली होती म्हणून. दुपारी त्यानं माझ्याकडे बघून तुझ्या नावानं हाक मारली, तेव्हा कुठे मी गाडी काढायला सांगितलं. पाव पोचवायच्या गाडीत, रिकाम्या ट्रेमध्ये घोंगडी टाकून आम्ही त्याला नेलं.

मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, काय खात होते? वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मागच्या बाकावर आपली दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणाले, नेहमीचंच. भाऊ समोर तडफडत होता आणि मी बेकरीची अब्रू सांभाळत होते. साखर तर ठीक दिसत होती, म्हणून ते आधी पोटाच्याच मागे लागले. दोन तास असेच गेले. रक्तातल्या आम्लाचा रिपोर्ट आला तेव्हा बाई धावत बाहेर आल्या आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी तुझ्या आईनं मला न विचारता सगळं सांगून टाकलं, तक्ता, गोळी, सगळं. पहिल्यांदाच तिनं माझी शपथ मोडली. पण तोवर मूत्रपिंडं थकली होती. गुरुवारी सकाळी तो गेला. नंतर बाईंनी मला शांतपणे समजावलं. पिष्ट पदार्थ बंद केले की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून थोडं आम्ल तयार होतं. एरवी ते शरीराला झेपतं. या गोळीबरोबर मात्र ते विषासारखं साठू शकतं, आणि साखरेचा आकडा सरळ दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. आहार सुरू केलाय एवढं डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी ही गोळी दिलीच नसती. आपले डॉक्टरही बाराव्याला मला बाजूला घेऊन हेच म्हणाले, मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर. ते आजही सात वाजता पाव न्यायला येतात, पण आता गल्ल्याशी थांबत नाहीत.

बाराव्याच्याच दिवशी स्वयंपाकघरात तू आईला विचारलंस, अख्खा एक दिवस तू नुसती बघत बसलीस? तुला दिसत नव्हतं? ती म्हणाली, मला कळलं नाही. मी दारात उभी होते, हातात कपबशा होत्या. तिला मीच अडवलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला. मी कपबशा विसळायला घेतल्या. तू गेल्यावर मी तिला विचारलं, तुम्ही गप्प का बसलात? ती म्हणाली, वन्सं, माझ्यावर रागावली तर कधी ना कधी येईल. तुमच्यावर रागावली तर तुमचं कोण आहे दुसरं? एवढं बोलून ती घाणा बघायला गेली. त्यानंतर आमच्यात हा विषय निघालेला नाही. मी तिच्या जिवावर नऊ महिने तुझी लाडकी आत्या म्हणून मिरवले, तुझे फोन घेतले, तुझी गाऱ्हाणी ऐकली आणि हं हं म्हणत राहिले.

आणि आता हे पाकीट. बाळंतपणाला तू माझं तिकीट पाठवलंस, माझ्या नावाचं. लिहिलंस की आत्या, बाबांचे शेवटचे महिने तुझ्यामुळे बरे गेले, आई नको, तूच ये. खाली लिहिलंस की तुझी साखर वाढलेली निघाली आहे, तर येताना बाबांचा तो तक्ता घेऊन ये, डॉक्टरांना सांगितलं तर ते उगीच फाटे फोडतील. ते वाचून मी धावत भट्टीमागे गेले. तक्ता अजून तिथेच होता, त्याच्या पिठाळ बोटांच्या ठशांसकट. मी तो भट्टीत टाकला. ठकू, तू काय खातेस आणि काय खायचं सोडलंयस ते आजच्या आज तुझ्या डॉक्टरांना सांग, एक घासही लपवू नकोस. माझ्याशी बोलायचं सोडलंस तर मी समजेन, माझी तेवढीच लायकी आहे. तिकीट याच पाकिटात परत पाठवते आहे. त्यावर तुझ्या आईचं नाव घाल. येत्या रविवारी दुपारी ती फोन करेल. उचल.

तुझीच म्हणायचा हक्क मी गमावला आहे, तरीही तुझीच,
आत्या