दगडाबाईच्या वाटणीची वेल

सोलापूर,
माघ महिना. (तारीख विचारली तर वैजयंती कॅलेंडर बघायला उठेल आणि परत यायची नाही, म्हणून महिन्यावर भागव.)

धाकट्या दगडाबाईस थोरल्या मायाक्काचा पोटभर आशीर्वाद. मायाक्का म्हणजे तुझी सख्खी बहीण. विसरली असशील म्हणून आधीच सांगून ठेवते. दिवाळीत तू फोनवर म्हणाली होतीस की ऊस तुटून गेला की येते. ऊस गेला, त्याची साखर झाली, त्या साखरेचा चहा पिऊन मी कपसुद्धा पालथा घातला, तरी तू अजून फडातच आहेस की काय कळेना. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि फोन ठेवला की कुणाचा होता म्हणून नातवालाच विचारतेस. म्हणून आता कागदावर घालते. रेवणसिद्धा, बाळा, हे पत्र तुझ्या आजीला रोज सकाळी चहाच्या आधी वाचून दाखव. चहाच्या नंतर ती ऐकत नाही. डोळे मिटले तरी वाचत राहा, ती झोपलेली नसते.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे, तुला येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणजे आपल्या दोघींच्या बोलण्यासाठी मध्ये दोन शिकलेली माणसं उगाच वेठीला धरली आहेत. इकडं माझी सून वैजयंती लिहिते, तिकडं तुझा नातू वाचतो. मी 'हाय' म्हणाले की वैजयंती 'आहे' लिहिते, त्यामुळे पत्रात मी शाळेतल्या बाईंसारखी वाटेन, पण फसू नकोस, आत मीच आहे. तुझा गुडघा कसा आहे? माझा तसाच आहे. काळी शेळी व्याली का? आणि धरणाचं पाणी तुझ्या मोटारीपासून किती मागं हटलं? आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं आणि ते तुझ्या उजनीवरूनच येतं. तुझ्या दारातलं पाणी एवढ्या लांब पायपातून माझ्या घरी येतं, तुला मात्र एसटी लागते असं म्हणतात. असो. मी काही तुला ये म्हणत नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. माझी बाज खिडकीपासून हलवली. तुला बाज हलली म्हणजे काय वाटेल? काही नाही वाटणार, तुझ्या घराला चारी बाजूंनी उघडंच आहे. पण इथं गल्लीत ती खिडकी म्हणजे माझं सगळं आहे. भाजीवाली आली की पहिली मी बघते. नळाला पाणी आलं की पहिली हाक माझी, त्यावर अख्खी गल्ली घागरी काढते. समोरच्या चादरी विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरी कोण पाहुणे आले, ते तेलुगूत काय बोलतात (शब्द कळत नाहीत, पण भांडण आहे की लग्न ठरतंय एवढं आवाजावरून कळतं), हे सगळं त्या खिडकीतून. आणि आता बाज गेली आत भिंतीला, जिथून मला फक्त पंखा दिसतो. हे कुणी केलं म्हणशील तर तुझ्या लाडक्या भाच्यानं. जोतीरामनं.

जोतीराम कचेरीतून निवृत्त झाल्यावर आम्हाला वाटलं होतं की आता भाजी आणील, देवळात जाईल, चार माणसांसारखा कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या सुनांना नावं ठेवील. (आपल्या सुनेला नावं ठेवायचं काम माझ्याकडे आहे. लिही गं, थांबलीस का?) पण तो एके दिवशी जुन्या बाजारात गेला आणि एक पत्र्याची ताटली घेऊन आला, चिनीमातीचा मुलामा दिलेली, मध्ये गुलाबाचं फूल, कडेला पोपडे उडालेले. आपल्या आईकडं असली ताटली कोंबड्यांच्या पाण्याला असायची. हा म्हणाला, "आई, ही कला आहे." मी म्हटलं, व्हय बाबा, कोंबड्या पण तेच म्हणत असतील. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. गुलाब काढलेली पत्र्याची ट्रंक आली. वेलाची नक्षी असलेलं पितळेचं पानदान आलं. पाडलेल्या घरातल्या, कमळं असलेल्या फरशा आल्या. त्याचा नेम असा, की वस्तू जुनी पाहिजे आणि तिच्यावर पान, फूल, वेल, झाड यातलं काहीतरी पाहिजे. देवाचं चित्र असेल तर घेत नाही, पण देवाच्या हातात कमळ असेल तर कमळासाठी देवाला घेतो. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधतो आणि रोज फडक्यानं पुसतो. लग्नात मुंडावळ्या बांधताना सुद्धा त्यानं एवढी काळजी घेतली नव्हती, असं वैजयंती म्हणते. (हे मी म्हणाले नाही, ती लिहिता लिहिता म्हणाली, तरी राहू दे.)

आता मी काय म्हणते, वस्तू आहे तर वापरावी. पानदानात मी शेंगदाणे ठेवले. ट्रंकेत वाकळा ठेवल्या. गुलाबाच्या ताटलीत मांजराला दूध दिलं, तर जोतीराम दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मांजराशी मात्र बोलत होता. समजावत होता त्याला.

मग आली चौकट. अक्कलकोटच्या पलीकडं कुणाचं तरी घर पाडत होते, तिथं याला दाराची लाकडी चौकट सापडली, चारी बाजूंनी कोरलेली वेल, मध्ये मध्ये डाळिंबं. घरची म्हातारी कानडीच बोलणारी. जोतीरामला कानडी एकच शब्द येतो, 'बेकु', म्हणजे पाहिजे. म्हातारीनं जे जे दाखवलं त्याला हा बेकु म्हणत गेला, आणि टेम्पोतून चौकट, तिचा उंबरा, एक मोडका पाळणा आणि तिचा एक बोकड असं सगळं घरी आलं. (बोकड दुसऱ्या दिवशी परत पाठवला. त्याच्यावर पानफूल नव्हतं.) 'बेडा' म्हणजे नको. तो शब्द वैजयंतीला येतो आणि ती तो मराठीत, कानडीत आणि भांड्यांच्या आवाजात तिन्हीत म्हणते. पण चौकट आमच्या घराच्या दारातून आत जाईना. दारातून दार कसं जाणार? मग ती आडवी करून, तिरकी करून, शेजारच्या दोघांना बोलावून आत घातली, आणि एवढी उंच वस्तू उभी राहील अशी घरात एकच जागा निघाली, माझ्या खिडकीसमोर. झालं. माझी बाज भिंतीला. आता मला खिडकीत डोकवायचं झालं तर उठून त्या चौकटीतून पलीकडं जावं लागतं. घरात बसून रोज मी उंबरा ओलांडते, आणि दरवेळी सवयीनं हात जोडते. वैजयंतीनं दुसऱ्याच दिवशी त्या डाळिंबांवर टॉवेल वाळत घातले आणि जाहीर केलं की आता आणखी एक पान घरात आलं तर ती माहेरी माळशिरसला जाईल. जोतीराम म्हणाला, जा. मग तिनं जायचा विचार सोडला, कारण तो खूश होऊन म्हणाला की तिच्या कपाटाची जागा मोकळी होईल.

अशा वेळी अमृत आला. अमृत म्हणजे पुण्याचा एक पोरगा, केस वैजयंतीपेक्षा लांब, स्वभावानं गरीब. सोलापुरात तो जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार आहे, आणि प्रदर्शन संपल्यावर निवडक वस्तू त्याच्या संस्थेत कायमच्या ठेवून घेणार आहे. जोतीरामला वाटलं, आपलं नाव होईल. मला वाटलं, चौकट जाईल. वैजयंतीला काय वाटलं ते तिनं लिहायला नकार दिला, पण त्या दिवशी सणासारखी शेंगाची गोड पोळी केली होती एवढ्यावरून तू ओळख.

अमृतनं सगळं बघितलं. ताटली उचलली, छान आहे म्हणाला. ट्रंक बघितली, छान आहे म्हणाला. पानदान बघितलं, शेंगदाणे खाल्ले, छान आहेत म्हणाला. हा 'छान' तुला माहीत आहे, पाहुणे मुलगी बघायला येतात आणि पसंत नसते तेव्हाचा. जोतीरामचा चेहरा उतरत चालला. पोराचं तोंड बघून मलाच कसंतरी झालं, म्हणून मी वाढायला पुढं झाले आणि पोळीवर तूप घालायला हात लांब केला. बाही मागं सरकली. अमृतचा घास हातातच राहिला. म्हणाला, "आजी, ही वेल कुठून कुठपर्यंत आहे?"

माझ्या गोंदणाची वेल गं. आता तुला आठवतंय का बघ, नाहीतर रेवणसिद्धा, इथं जरा थांब आणि आजीला हलव. बिरोबाच्या जत्रेत आई आपल्या दोघींना गोंदणारणीकडं घेऊन गेली होती. मेल्यावर बाईच्या बरोबर एवढाच दागिना जातो, असं आई म्हणायची. दोघींच्या हातांच्या गोंदणाची ज्वारी तिनं गोंदणारणीला आधीच मापून दिली होती. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत वेल झाली, मी दात आवळून बसले. मग तू बसलीस. देठ झाला, दोन पानं झाली, तिसऱ्या पानाला तू उठलीस आणि जी पळालीस ती मेंढरांच्या कळपात जाऊन बसलीस. काढायला गेलं की मेंढरासारखं ओरडायचीस. आई काही ज्वारी सोडणारी नव्हती. ती गोंदणारणीला म्हणाली, धाकटीची उरलेली वेल थोरलीच्या हातावर घाल, ज्वारी वाया जायला नको. आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तुझ्या वाटणीची सगळी पानं, कळ्या आणि वर तो पोपट, सगळं माझ्या कोपराच्या वर खांद्यापर्यंत चढलं. तीन दिवस माझा हात घागरीएवढा सुजला होता आणि तू माझ्याच भाकरीवरचं तूप खात होतीस.

हे अमृतला सांगितलं तर तो पोरगा म्हणाला, म्हणजे एक वेल एका बहिणीच्या हातावर सुरू होते आणि दुसरीच्या हातावर पुरी होते? मी म्हटलं, व्हय, चूक तिची आणि सूज माझी. तेव्हापासून या घरात माझे दिवस पालटले. जोतीराम मला उन्हात बसू देत नाही, रंग उडेल म्हणतो. अंघोळीला दगडानं हात घासू देत नाही. परवा मी झोपून उठले तर माझ्या काठीला चिठ्ठी बांधलेली सापडली. त्यात काय लिहिलंय म्हणून वैजयंतीला विचारलं तर ती हसत आत गेली. घरातली सगळ्यात जुनी वस्तू आता मी, आणि माझ्यावर पानफूल आहे, म्हणजे नेमात बसते. पण बाज भिंतीलाच आहे हे ध्यानात ठेव.

बाकी सगळं क्षेम. तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद, काळ्या शेळीलाही.

तुझी थोरली,
मायाक्का

ताजा कलम. एक सांगायचं राहिलं, फार महत्त्वाचं नाही. अमृत म्हणतो, दोघींचे हात एकाशेजारी एक ठेवून फोटो काढला तर तो मोठा करून प्रदर्शनाच्या दारातच लावणार, आणि मग जोतीरामच्या सगळ्या वस्तू घेणार, चौकटीसकट. म्हणजे तू तुझी ती अडीच पानं घेऊन आलीस तर माझी बाज खिडकीशी जाईल. नाही आलीस तर मी पंख्याकडं बघत मरेन. हट्ट नाही माझा, तुला सुचेल तसं कर. सकाळची एसटी चांगली.

आणखी एक. फोटो नुसत्या हातांचाच घेणार आहेत, त्यामुळे लुगडं जुनं असलं तरी चालेल. यंदा त्या कारणानं टाळू नकोस.

(मावशी, मी वैजयंती. हे मी माझ्या मनानं लिहिते आहे, आईंना काही सांगितलेलं नाही. चौकट आम्ही रविवारीच मागच्या अंगणात नेऊन पत्र्याखाली ठेवली. बाज केव्हाच खिडकीशी आहे, आत्ता त्याच बाजेवर बसून त्या हे पत्र सांगताहेत आणि गल्लीत रिक्षा वाजली की सांगायचं थांबवून बाहेर बघताहेत. अमृतनं त्यांच्या एकट्यांच्या हाताचे फोटो कधीच काढून नेले आणि वस्तूही पसंत केल्या. दोन्ही हात पाहिजेत असं तो एकदाही म्हणाला नाही. ते आईंचंच. या तुम्ही, मावशी.)

शेवटचं. वैजयंती आत्ता बराच वेळ लिहीत होती आणि मी तर काही बोलतच नव्हते. विचारलं तर पाकिटावरचा पत्ता लिहितेय म्हणाली. तुझ्या गावाचा पत्ता एवढा लांब कधीपासून झाला? असू दे. येताना शेंगोळ्यांपुरतं हुलग्याचं पीठ आण, घरचं, बारीक दळलेलं. आण म्हणते, पाठव म्हणत नाही. ते कंडक्टरच्या हातात एकटंच आलं तर मी उतरवून घेणार नाही.